विषय : अपडेटनंतर गहाळ झालेली ड्रॉइंग आणि आमच्या संमतीविना चालवलेलं पॅक (डेटाबेसची साफसफाई)

प्रति,
व्यवस्थापकीय संचालक,
महापे, नवी मुंबई

महोदय,

आज दुपारी तुमच्या सपोर्टने आमचं तक्रारीचं तिकीट 'सॉल्व्ह्ड' म्हणून बंद केलं. ड्रॉइंग अजूनही उघडत नाहीत, म्हणून आता थेट तुम्हालाच लिहिते आहे.

तुमचं सॉफ्टवेअर झेडओडीबी या पायथॉनच्या ऑब्जेक्ट डेटाबेसवर चालतं. आमच्या रबाळ्याच्या कारखान्यात त्याचे दोन डेटाबेस आहेत, 'मुख्य' आणि 'संग्रह'. गेल्या अपडेटमध्ये तुम्ही 'जुन्यावरून नवी आवृत्ती' हे बटण दिलंत. ते दाबलं की जुनं ड्रॉइंग संग्रहाच्या फोल्डरमधून निघतं आणि मुख्यमधल्या नव्या ड्रॉइंगखाली दिसू लागतं. पण ते नुसतं दिसतं. ऑब्जेक्टचा डेटा संग्रहातच राहतो आणि मुख्यमध्ये त्याचा फक्त संदर्भ साठवला जातो. पुढे संग्रहावर पॅक चाललं की काय अजून वापरात आहे, याचा ते त्याच डेटाबेसच्या मुळापासून शोध घेतं. मुख्यमधला संदर्भ त्याला दिसत नाही, त्यामुळे ड्रॉइंग कचरा समजून काढून टाकलं जातं.

सुपरवायझर जॉब कार्ड हातात घेऊन माझ्या टेबलाशी उभे होते. मशीनवर डाय चढलेली होती, मागच्या आवृत्तीतला एक टॉलरन्स तेवढा बघायचा होता. स्क्रीनवर आलं 'पीओएसकीएरर', म्हणजे ऑब्जेक्ट सापडत नाही, आणि पुढे एक ऑब्जेक्ट क्रमांक. त्यांना मी काय उत्तर द्यायचं होतं?

हे सगळं टाळता आलं असतं. मुख्य डेटाबेसच्या कॉन्फिगरेशनमध्ये 'अलाउ-इम्प्लिसिट-क्रॉस-रेफरन्सेस' हे दुसऱ्या डेटाबेसमधले संदर्भ चालू देणारं सेटिंग फॉल्स, म्हणजे बंद, ठेवलं असतं, तर असा संदर्भ कमिटलाच, म्हणजे बदल साठवतानाच, अडला असता. अख्खा ट्रान्झॅक्शन रद्द होऊन जुनं ड्रॉइंग आपल्या जागी राहिलं असतं. ही एक ओळ तुमच्या लोकांना माहीत नसेल, यावर माझा विश्वास बसत नाही.

आता त्या कॉलविषयी. तुमचा इंजिनिअर रिमोटवर आला आणि पहिलंच वाक्य, "मॅडम, तुमच्याकडे कुणीतरी डिलीट केलं असणार." मी म्हटलं, डिलीट नाही, क्रॉस-डेटाबेस रेफरन्सचा प्रश्न आहे, संग्रहाचं पॅक तपासा. त्यावर, "तुम्ही डेव्हलपर आहात का?" मी कोण आहे याचा इथे काय संबंध? मी स्पष्ट सांगितलं, "आधी ती डॉट ओल्ड फाइल, म्हणजे पॅकपूर्वीची प्रत, बाजूला कॉपी करा, हरवलेली ड्रॉइंग तिच्यात आहेत." तो म्हणाला, "पॅक पुन्हा मारतो, ठीक होईल, प्रोसिजर आहे." मी "थांबा, थांबा" म्हणत असताना माझ्या डोळ्यांदेखत त्याने पॅक चालवलं. फाइल स्टोरेजमध्ये (डेटाबेस फाइलमध्ये साठवण्याच्या पद्धतीत) पॅकने काही काढलं, की ते आधीची डॉट ओल्ड फाइल काढून तिथे नवी ठेवतं. पॅकपूर्वीची आमच्याकडची एकमेव प्रत तुमच्या माणसाने पुसली, आणि वर विचारलं, "मॅडम, अजून काही मदत?"

बॅकअपचं बोलायचं तर एएमसीत (वार्षिक देखभाल करारात) दोन्ही डेटाबेसच्या बॅकअपची जबाबदारी तुमच्याकडे आहे. तुमची स्क्रिप्ट फक्त मुख्यचा घेत होती, हे आम्हाला आज कळलं.

मायग्रेशनच्या वेळी संग्रहाची पूर्ण प्रत तुम्ही स्वतःच्या टेस्ट सर्व्हरवर नेली होती. ती आहे तशी जपून ठेवा, तिच्यावर कुणी पॅक चालवू नये, आणि त्यातली ड्रॉइंग आम्हाला परत द्या. ते बटण आजच बंद करा. ड्रॉइंग डेटाबेस बदलणार असेल तर एक्स्पोर्ट-इम्पोर्ट करून खरीखुरी प्रत बनवा. वर सांगितलेलं सेटिंग फॉल्स करा. आधी बनलेले सगळे संदर्भ शोधून दुरुस्त होईपर्यंत संग्रहाच्या पॅकमधली कचरा-सफाई बंद ठेवा, नाहीतर उरलीसुरली ड्रॉइंगही जातील. आणि आमच्या लेखी परवानगीशिवाय आमच्या सर्व्हरवर कुणीही पॅक चालवायचं नाही. मी थांबा म्हणत होते, तरी चालवलं.

ठाणे-बेलापूर रोडवरच्या ओळखीच्या कारखान्यांना तुमचं नाव मीच सुचवलं होतं. त्यांनाही या बटणाची सूचना आज देते आहे, कारण त्यांचंही असंच नुकसान होऊ शकतं. या आठवड्यात लेखी उत्तर आलं नाही तर एएमसीचं नूतनीकरण होणार नाही आणि पुढचा पत्रव्यवहार आमचे वकील करतील. कॉलचं रेकॉर्डिंग तुमच्याकडे असेलच, ते स्वतः ऐका.

व्यवस्थापक, संगणक विभाग
रबाळे एमआयडीसी, नवी मुंबई