तिकिटाने दर्दी घडत नाहीत

छोट्या सामुदायिक कलासंग्रहालयांनी नाममात्र का होईना तिकीट लावावे, कारण फुकटाची किंमत राहत नाही, हा आपल्या अंकातील लेखाचा सूर पटला नाही. समकालीन कला एका भेटीत क्वचितच उलगडते. अंधाऱ्या खोलीत आपण शिरतो तेव्हा भिंतीवरची चित्रफीत निम्मी संपलेली असते. जमिनीवर रचलेल्या जुन्या चपलांना कलाकृती का म्हणायचे, हे शेजारची पाटी दोनदा वाचूनही कळत नाही. पैसे मोजलेला माणूस अशा वेळी ‘वसूल’ काय झाले याचा हिशेब मांडतो आणि पुन्हा फिरकत नाही. फुकट आलेला दहा मिनिटांत बाहेर पडतो खरा, पण जाता-येता पुन्हा डोकावतो. इंग्लंडमध्ये डिसेंबर २००१मध्ये राष्ट्रीय संग्रहालयांचे प्रवेशशुल्क रद्द झाले. जिथे आधी तिकीट होते, तिथल्या वार्षिक भेटी दहा वर्षांत दुपटीहून अधिक झाल्या. त्या संस्थांच्या पाठीशी सरकारी अनुदान आहे, हे मान्य. वीजबिल छोट्यांनाही चुकत नाही. त्यासाठी दानपेटी जरूर ठेवावी. फक्त ती आत येण्याच्या नव्हे, बाहेर पडण्याच्या दाराशी असावी.

– एक वाचक