झेडपीची निवडणूक आता तरी घ्या

मा. संपादक साहेब, नमस्कार.

सध्या मोबाईल उघडला की एकच चर्चा, जगात लोकशाहीचं काही खरं नाही म्हणून. नेपाळमधे सप्टेंबर 2025 मधे तरुण पोरं रस्त्यावर आली, संसद जळाली, पंतप्रधान ओलींना राजीनामा द्यावा लागला, मग तिथं 5 मार्च 2026 ला मतदान ठेवलं गेलं. त्याच्या आदल्या वर्षी बांगलादेश. तिथं जानेवारी 2024 मधे निवडणूक झाली पण मोठ्या विरोधी पक्षाने बहिष्कार टाकला होता, अन् ऑगस्टमधे लोकं रस्त्यावर आले तेव्हा पंतप्रधान शेख हसीना बाईंना देश सोडून आपल्याकडे यावं लागलं. गावात पारावर बसलेले लोकं हे सगळं बघतात अन् म्हणतात, आपल्याकडे तसं नाही बाप्पा, आपल्याकडे निवडणुका होतात.

होतात, पण सगळ्या होतात का? मी यवतमाळ जिल्ह्यातला शेतकरी आहे. आमच्या जिल्हा परिषदेसाठी आम्ही शेवटचं मतदान केलं फेब्रुवारी 2017 ला. मार्च 2022 ला मुदत संपली अन् तेव्हापासून प्रशासक. अमरावती, वर्धा, बुलडाणा, चंद्रपूर, गडचिरोली, तिकडेही हेच. घटनेच्या कलम 243ई मधे सरळ लिहून ठेवलं आहे की पंचायतीची मुदत 5 वर्ष, त्यापेक्षा जास्त नाही, अन् मुदत संपायच्या आत नवीन निवडणूक झाली पाहिजे. 2017 ला आमच्या गावातला जो पोरगा 17 वर्षाचा होता तो आता पंचविशी पार करून गेला, लग्न झालं, वावर करून राहिला, पण झेडपीसाठी त्याने आजपर्यंत एकदाही बटन दाबलेलं नाही.

कारणं सगळ्यांना माहीत आहेत. 2021 मधे सुप्रीम कोर्टाने ओबीसी आरक्षणासाठी डाटा मागितला, तो वेळेवर गोळा झाला नाही. मग एका सरकारने झेडपीचे गट, म्हणजे मतदारसंघ, वाढवले, 2022 मधेच दुसरं सरकार आलं त्याने ते परत कमी केले, त्यावर लोकं कोर्टात गेले अन् तारखांवर तारखा पडत गेल्या. ओबीसींना त्यांच्या जागा मिळाल्याच पाहिजेत, त्याबद्दल माझं दुमत नाही, पण सगळ्याच पक्षांचं सरकार येऊन गेलं आणि कोणालाच घाई नव्हती हे मला जास्त टोचते. शेवटी 6 मे 2025 ला कोर्टाला सांगावं लागलं की 4 महिन्यात निवडणुका घ्या. त्या 4 महिन्यातही झाल्या नाहीत, सप्टेंबरमधे मुदत वाढून मिळाली 31 जानेवारी 2026 पर्यंत.

योगायोग असा की त्याच 6 मे ला श्रीलंकेत गावपातळीच्या निवडणुका झाल्या. तिथं त्या 2023 मधे व्हायच्या होत्या, सरकारने पैसे नाहीत म्हणून पुढे ढकलल्या, तर तिथल्या सुप्रीम कोर्टाने हे लोकांच्या मूलभूत हक्काचं उल्लंघन आहे असं सांगितलं. ज्या देशात 2022 मधे लोकं राष्ट्रपतीच्या बंगल्यात घुसले होते, तिथं 2024 मधे शांततेत मतदान होऊन सत्ता बदलली अन् मग गावाच्या निवडणुकाही झाल्या. दिवाळं निघालेल्या देशाला जे जमलं ते महाराष्ट्राला का जमू नये.

आता मेंबर नसल्यानं काय होते ते सांगतो, कारण शहरातल्या लोकांना वाटते काय फरक पडतो, कामं तं साहेब लोकं करतातच. आमच्या नाल्यावरचा रपटा, म्हणजे ठेंगणा पूल, या पावसाळ्यात खचला. पाणी आलं की पोरांची शाळा बंद, पऱ्हाटीला खत न्यायचं तर बैलबंडी अलीकडेच सोडून थैली डोक्यावर घ्यायची. अर्ज दिला, पोच घेतली. ऑफिसात गेलं की सांगतात फाइल वरती आहे, परत गेलं तर साहेबांची बदली झालेली, नवीन साहेबाला रपटा कुठे आहे हेच माहीत नाही. आधी सर्कलचा, म्हणजे आमच्या गटाचा मेंबर आठवडी बाजारात पानठेल्यावर सापडायचा, चार जणांनी घेरलं की तिथूनच बीडीओला फोन लावायचा, स्पीकर चालू करून, कारण त्याला परत आमच्याच दारात मत मागायला यायचं होतं. मेंबर काही देव नव्हते, टक्केवारीवाले पण पाहिले आम्ही, पण ते आवडले नाही तर पाडता येत होते. प्रशासक पाडता येत नाही. झेडपीचे सीईओ, म्हणजे मुख्य कार्यकारी अधिकारी साहेबच प्रशासक, म्हणजे प्रस्ताव ठेवणार तेच अन् मंजूर करणार पण तेच, त्यांना सभागृहात उभं राहून विचारणारं कोणीच नाही. ते साहेब चांगले असतील, मेहनती असतील, मी त्यांच्याबद्दल बोलत नाही. अन् निम्म्या जागा बायांच्या होत्या, त्या आवाजाचं काय झालं हे तर कोणी विचारतच नाही.

दक्षिण कोरियात 3 डिसेंबर 2024 च्या रात्री राष्ट्रपतीने मार्शल लॉ, म्हणजे लष्करी कायदा लावला, तर तिथले खासदार भिंतीवरून उड्या मारून संसदेत गेले अन् 190 जणांनी त्याच रात्री मतदान करून तो उठवायला लावला. निवडून आलेली माणसं जागेवर होती म्हणून ते झालं.

आणि काळ असा आहे की दूरची गोष्ट लगेच वावरात येते. 2025 मधे अमेरिकेनं आपल्या मालावर 50 टक्के टॅरिफ, म्हणजे आयात कर लावला, इकडे आपल्या सरकारने कापसावरची 11 टक्के आयात ड्युटी काढली, आधी 30 सप्टेंबरपर्यंत, मग 31 डिसेंबरपर्यंत, म्हणजे बाहेरचा कापूस बिनड्युटीचा, तोही नेमका आमच्या वेचणीच्या टायमाला. 2025-26 च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला 8110 रुपये होता, पण व्यापारी त्या भावाने घेत नव्हता. झेडपी मेंबर ड्युटी परत लावू शकत नाही हे मला समजते, पण जिल्ह्याच्या सभागृहात ठराव झाला असता, पेपरात आला असता, खासदाराला उत्तर द्यावं लागलं असतं. आता ही ओरड फक्त व्हॉट्सॲपवर फिरते, त्यातलं खरं किती अन् बनवलेले व्हिडिओ किती तेही कळत नाही, अन् पोट्ट्यांचा राग वाढत राहते.

महाराष्ट्रातल्या झेडपीचा आराखडा ज्या समितीने केला तिचे अध्यक्ष वसंतराव नाईक होते, आमच्याच पुसदचे. 1 मे 1962 पासून राज्यात झेडपी चालू झाल्या. त्यांच्याच जिल्ह्यात ते सभागृह 3 वर्षांहून जास्त काळ रिकामं पडलं आहे याचं मनापासून दुःख होते.

म्हणून मागणी एवढीच की आमची निवडणूक आता कोणत्याही कारणाने पुढे जाऊ नये, अन् पुढच्या वेळी गटरचना आणि आरक्षणाचं काम मुदत संपायच्या एक वर्ष आधी पूर्ण करायचं बंधन कायद्यात टाकावं. तोपर्यंत प्रशासकांनी दर महिन्याला तालुक्याच्या ठिकाणी लोकांसमोर बैठक घ्यावी आणि काय मंजूर केलं ते वाचून दाखवावं. तुमच्या पेपरलाही विनंती आहे, जिल्ह्याच्या पानावर रोज एका चौकटीत छापा की झेडपीची मुदत संपून आज किती दिवस झाले, निवडणूक होईपर्यंत छापा.

आपला,
एक शेतकरी, ता. दारव्हा, जि. यवतमाळ