आईचा गुडघा आणि बाबांचं पोट

ती. आई-बाबांना सा. न.

बाबा, काल तुम्ही फोनवर ठासून म्हणालात, "माझ्या पोटावर एकही टाका नाही, आतडं अडकेलच कसं?" अर्धं बरोबर आहे. जुन्या ऑपरेशननंतर आत आतडी चिकटणं, हेच लहान आतडं अडकण्याचं नेहमीचं कारण. पण टाका नसलेल्या म्हाताऱ्या माणसाचं सीटी स्कॅन वाचायला समोर आलं की मी खुर्ची पुढे ओढते; कारण काहीतरी वेगळंच असणार.

गेल्या आठवड्यात ८२ वर्षांच्या एक आजी आल्या. अगदी काटकुळ्या. चार दिवस उलट्या. कागदावर 'अपचन', आणि खाली दुसऱ्याच अक्षरात 'उजवा गुडघा दुखतो'. गुडघ्याला महिनाभर मलम चोळणं चालू होतं. जांघेत फुगवटा नव्हता, हाताला काही लागत नव्हतं. स्कॅनमध्ये पोटापासून खाली मांडीपर्यंत बघत गेले, तर ओटीपोटाच्या हाडातल्या भोकातून बाहेर, मांडीच्या दोन स्नायूंच्या मध्ये, अंगठ्याच्या पेराएवढं आतडं अडकलेलं. ऑब्च्युरेटर हर्निया. त्याच भोकातून एक नस जाते. ती दाबली की कळ मांडीच्या आतल्या बाजूने गुडघ्यापर्यंत उतरते. पाय मागे ताणला की वाढते, मुडपला की कमी होते. वजन उतरलं की तिथली चरबीची गादी विरते, म्हणून हा हर्निया बहुतेक बारीक, वयस्कर बायकांनाच गाठतो.

आई, लगेच मांडी चाचपू नकोस. तुझा गुडघा जिने चढताना दुखतो, तो झिजलेलाच आहे. पण वर्षात सहा किलो उतरलीयेस. कधी पोट फुगून उलट्या लागल्या, तर गुडघ्याचंही सांग. "पोटाच्या डॉक्टरला गुडघ्याचं काय!" हे तुझं वाक्य मला पाठ आहे.

आणि तुझा पित्ताशयातला खडा. छोटा आहे, राहू दे. अडीच सेंटिमीटरच्या पुढचा खडा मात्र क्वचित भिंत झिजवून आतड्यात उतरतो आणि लहान आतड्याच्या शेवटच्या अरुंद भागात बसतो. वाटेत तो अडकतो, सुटतो, पुन्हा अडकतो. उलट्या मध्येच थांबतात आणि घरचे म्हणतात, बरं वाटलं! रिग्लर या एक्स-रे तज्ज्ञांनी १९४१ मध्ये याच्या तीन खुणा सांगितल्या: फुगलेलं आतडं, पित्तनलिकेत हवा आणि भलत्या जागी खडा. साध्या एक्स-रेत तिन्ही एकदम क्वचितच सापडतात, सीटीत बऱ्याचदा दिसतात. खडा आधी कुठे आणि केवढा होता हे सोनोग्राफीच्या जुन्या कागदावरून कळतं, म्हणूनच तो टाकू नका.

बाबा, तुमचं वेगळं. बद्धकोष्ठ असताना अचानक पातळ होऊ लागलं म्हणजे पोट साफ झालं असं नाही; कडक मळ आत अडकून त्याच्या कडेने पाणी पाझरत असू शकतं. तेव्हा जुलाब थांबवायची गोळी घेऊ नका. वर्षानुवर्षांच्या बद्धकोष्ठाने लांबलेलं मोठं आतडं पीळही खातं. आणि ताप नाही, फार दुखत नाही, यावर या वयात विसंबू नका.

पोट फुगलं, उलट्या होतायत आणि वाराही सरत नाही, तर रात्र काढू नका, तेव्हाच हॉस्पिटलात जा. जांघ तपासायला सांगितली तर लाजू नका. सीटीआधी किडनीचा रिपोर्ट मागतील. तो निळ्या फाइलमध्ये आहे, आईच्या चष्म्याच्या कागदांखाली.

तुमची लेक