बाकं आली, आभार राहिले होते

पुणे महापालिकेच्या अंदाजपत्रकात नागरिकांना 2006 पासून आपल्या भागातली छोटी कामं सुचवता येतात, हे आमच्या गल्लीत फार थोड्यांना ठाऊक होतं. म्हणून पहिले आभार अर्ज भरायला शिकवणाऱ्या ताईंचे. नुसतं 'रस्ता सुधारा' लिहू नका; कोणत्या कोपऱ्यापासून कोणत्या खांबापर्यंत, किती मीटर, जागा कुणाची, ते लिहा, हे त्यांनी न कंटाळता समजावलं. सोसायटीच्या आवारातलं काम यात बसत नाही, हेही त्यांनीच सांगितलं. नाहीतर निम्मे अर्ज तिथेच बाद झाले असते.

टेप घेऊन भर उन्हात मोजमापं काढून देणारे निवृत्त ओव्हरसियर काका, नाव नको म्हणालात, म्हणून लिहीत नाही. (चहालाही थांबला नाहीत, हे मात्र पटलेलं नाही.)

क्षेत्रीय कार्यालयातल्या खिडकीपलीकडच्या बाईंनी "पोच घेतल्याशिवाय जाऊ नका" म्हणून हाक मारून परत बोलावलं. आणि पदपथाचे ब्लॉक बसवणाऱ्या कामगारांनी कुणी न सांगता झाडांच्या बुंध्यांभोवती माती मोकळी सोडली. तुमचेही मनापासून आभार.

बाकं संध्याकाळी रिकामी मिळत नाहीत. पुढचे अर्ज भरायचेत, ताई, बोलावणं येईलच.