मूल हवे असेल तर टेस्टोस्टेरॉन नको

संपादक महोदय,

वंध्यत्वावरील हार्मोन इंजेक्शनांविषयीचा आपल्या आरोग्य पुरवणीतला लेख वाचला. स्त्रियांच्या उपचारांची माहिती त्यात नीट आली आहे. पुरुषांच्या वाट्याला मात्र एकच वाक्य आले, तेही ‘गरजेनुसार टेस्टोस्टेरॉन देतात’ असे. वाचणारा भलत्याच वाटेला लागेल, म्हणून हा पत्रप्रपंच.

बाहेरून टेस्टोस्टेरॉन, म्हणजे पुरुषी हार्मोन, टोचले की मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी ग्रंथी, शरीरात ते पुरेसे आहे असे समजून हात आखडते. तिच्यातून येणारी, वृषणांना कामाला लावणारी एफएसएच आणि एलएच ही दोन्ही हार्मोन्स आटतात. मग वृषणांमधले स्वतःचे टेस्टोस्टेरॉनही घटते आणि शुक्राणू तयार होणे मंदावते, कित्येकांत पार थांबते. हा परिणाम इतका ठळक, की १९९० च्या सुमारास जागतिक आरोग्य संघटनेने हीच इंजेक्शने पुरुषांसाठी गर्भनिरोधक म्हणून तपासून पाहिली होती!

तरीही थकवा जावा म्हणून किंवा दंडाचे स्नायू भरावेत म्हणून ही इंजेक्शने घेणारे पुरुष मी नोकरीत असताना पुष्कळ पाहिले. तपासण्यांच्या फेऱ्या मात्र बायको घालत असायची. नवऱ्याच्या रक्तात टेस्टोस्टेरॉन भरपूर आणि वीर्याच्या अहवालात शुक्राणू शून्य. इंजेक्शन थांबवल्यावर बहुतेकांचे शुक्राणू परत येतात, पण त्याला कित्येक महिने लागतात, काहींना वर्षाहून जास्त. बायकोची पस्तिशी उलटली असेल तर एवढी वाट पाहणे महागात पडते.

पुरुषांना खरोखर उपयोगी पडणारी इंजेक्शने निराळी आहेत. ज्यांची पिट्युटरीच कमी काम करते, त्यांना एलएचच्या जागी तेच काम करणारे एचसीजी हे हार्मोन देतात आणि तेवढ्याने भागले नाही तर एफएसएचची जोड देतात. म्हणजे स्त्रीबीज वाढवायला आणि बाहेर पडायला जी औषधे बायकांना देतात, तीच. फरक मुदतीचा. बायकांचे काम सोनोग्राफीवर नजर ठेवत बहुधा दोनेक आठवड्यांत उरकते. पुरुषाला आठवड्यातून दोन-तीनदा, महिनोन्‌महिने टोचून घ्यावे लागते. एक शुक्राणू घडायलाच सुमारे अडीच महिने लागतात, तेव्हा पहिल्या महिन्यात अहवाल बदलला नाही म्हणून उपचार सोडणे चूक. शुक्रवाहिनीच बंद असेल तर मात्र या इंजेक्शनांचाही उपयोग नाही. म्हणून आधी वीर्यतपासणी आणि रक्तातली हार्मोन्स पाहायची, सुई नंतर.

अंगाला लावायचे टेस्टोस्टेरॉनचे जेलही शुक्राणू असेच घटवते. ते औषध आहे असे वाटत नाही म्हणून कुणी सांगत नाही, आणि डॉक्टरही दर वेळी विचारतातच असे नाही. पहिल्याच भेटीत नवऱ्याने ते सांगावे, मात्र आपल्या मनाने एकदम बंद करू नये.

पुढच्या पुरवणीत दुरुस्ती छापावी आणि ती कोपऱ्यात नव्हे, मूळ लेखाच्याच जागी यावी, ही विनंती.

— एक निवृत्त परिचारिका