तेल कुठून गळतंय, ते आधी बघ

प्रिय अनिल,

पत्र मिळालं. ट्रॅक्टरच्या मागच्या चाकातून तेल येतंय आणि क्लच हाउसिंगच्या खालच्या भोकातूनही ठिपकतंय, तर सगळे सील, म्हणजे फिरत्या शाफ्टभोवती तेल अडवणाऱ्या रबरी कड्या, बदलून टाकू का, असं विचारलं आहेस. माझ्याही फर्ग्युसन टीई-२० ट्रॅक्टरचं हेच काम नुकतंच उरकलंय, म्हणून ताजं ताजं सांगतो. बदल, जरूर बदल. पण जुनं सील कशामुळे गेलं ते कळल्याशिवाय नवं बसवू नकोस.

भोकातून पडणारं तेल आधी बोटावर घेऊन बघ. काळं आणि पातळ असेल तर ते इंजिनाचं, फिकट आणि चिकट असेल तर गिअरबॉक्सचं. कुठलंही असो, तिथवर पोचायला ट्रॅक्टर मधून फोडावाच, म्हणजे दोन भागांत सुटा करावाच लागेल, कारण याला चासीच नाही. इंजिन, गिअरबॉक्स आणि मागचा अ‍ॅक्सल एकमेकांना बोल्टने जोडलेले, सगळा भार त्यांच्यावरच. पुढचा अ‍ॅक्सल मधल्या पिनवर डुलतो, त्यामुळे सुटा झालेला इंजिनाचा भाग कुशीवर कलंडू शकतो. बोल्ट सैल करण्याआधी अ‍ॅक्सलच्या वर दोन्ही बाजूंनी लाकडी पाचरी ठोक. नुसत्या जॅकवर विसंबू नकोस, खाली ठोकळे हवेतच. यात तडजोड नाही.

आता खरी गोष्ट. सील काढलंस की जिथे त्याचा ओठ, म्हणजे आतली रबरी कडा, शाफ्टवर घासत होता, तिथे नख आडवं फिरव. नख अडकलं तर तिथे चर पडलीय. इतक्या वर्षांत ओठाखाली बसलेल्या धुळीने लोखंडसुद्धा झिजतं. त्या चरीवर कितीही भारी सील बसव, तेल येणारच. सील बसतं त्या खाचेत जागा असेल तर सील मिलिमीटरभर आतबाहेर बसवून ओठ कोऱ्या जागेवर आण. जागा नसेल तर शाफ्टवर पातळ स्टीलची स्लीव्ह, म्हणजे नळीसारखं कवच, चढव. ती जेमतेम पाव मिलिमीटर जाड असते, सीलचं माप बदलावं लागत नाही. पॉलिश पेपर मारायचा तर गोल गोल फिरवूनच. लांबीच्या दिशेने ओरखडा गेला की तेलाला वाट मिळाली. शाफ्ट हलवून बेअरिंगचा ढिलेपणाही बघ. शाफ्ट डुलत असेल तर ओठ तरी किती पुरणार?

बसवताना स्प्रिंगची बाजू तेलाकडे. ओठाला ग्रीस लाव, स्प्लाइनवर, म्हणजे शाफ्टवरच्या उभ्या दात्यांवर, पातळ टेप गुंडाळ, नाहीतर धारेने ओठ आत जातानाच कापला जातो. ठोकायचं ते कडेवर बसेल अशा पाइपच्या तुकड्याने, सारखं सारखं, हातोडा थेट नको.

आणि सिलिकॉन थापू नकोस, कळकळीने सांगतोय. या ट्रॅक्टरात गिअरबॉक्स, मागचा अ‍ॅक्सल आणि हायड्रॉलिक लिफ्ट, तिघांना एकच तेल, सुमारे २७ लिटर. पंप त्याच तेलात बुडालेला. आत पिळून निघालेली सिलिकॉनची दोरी सुटली की थेट त्याच्या व्हॉल्व्हपाशी जाऊ शकते. चिंध्यांचे धागेही तसेच. कागदी पॅकिंग वापर, तेही जुन्याच्याच जाडीचं. मागच्या अ‍ॅक्सलला पॅकिंग आणि शिम (पातळ पत्र्याची चकती) मिळूनच बेअरिंगची ढील ठरते. ज्या बाजूची शिम त्याच बाजूला, खडूने खूण करून ठेव.

मागच्या चाकाचं काम मात्र लांबवू नकोस. ते तेल ब्रेक ड्रममध्ये उतरतं, आणि भिजलेली ब्रेकची लायनिंग उतारावर धरत नाही. धुऊन ती पूर्ववत होत नाही, नवीच घाल.

दोन्ही भाग जोडताना बोल्टने खेचून आणू नकोस. फट उरली तर गिअर टाकून मागचं चाक किंचित फिरव, स्प्लाइन आपोआप बसते. जोर केलास तर क्लच प्लेट वाकते.

नख अडकतंय का ते कळव. अडकलं तर शाफ्टचा व्यास व्हर्नियरने मोज, इंचात, कारण याची मापं इंचात आहेत. माझ्याकडे उरलेली एक स्लीव्ह आहे, माप जुळलं तर पाठवतो.

तुझा,
वसंत