मंत्रीसाहेब, पाचशेची नोट चारशेला धरायची, हे कुणी ठरवलं?

कराड, २३ नोव्हेंबर २०१६

मा. अन्न, नागरी पुरवठा व ग्राहक संरक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

स. न. वि. वि.

पत्रास कारण की, या नोटबंदीत परवा औषधाच्या दुकानात मला शंभर रुपयांना बुडवलं. डॉक्टरांची चिठ्ठी आणि ओळखपत्र दाखवलं की जुनी पाचशेची नोट औषध दुकानांत चालेल, असं सरकारनेच ९ तारखेला सांगितलंय. दोन्ही कागद पिशवीत घालूनच गेलो होतो. बायकोच्या बीपीच्या गोळ्या, बिल १८० रुपये. मालकाने नोट उजेडात धरली आणि म्हणाला, "काका, चारशेला धरतो. बघा, जमत असेल तर." गोळ्या आदल्या दिवशीच संपल्या होत्या. जमवलं. उरलेल्या २२० ला सुटे नाहीत, म्हणून गोळ्यांच्या पाकिटावर पेनने 'बाकी २२०' लिहून दिलं. काल गेलो तर काऊंटरवर पोरगा: "मालक नाहीत. कसलं पाकीट?"

साहेब, एकतीस वर्षं मी एसटीत कंडक्टर होतो. तिकिटामागे बाकी लिहिली की उतरायच्या आधी पॅसेंजरला शोधून पैसे हातात द्यायचो. एकदा तपासणीत माझ्या बॅगेत तीन रुपये निघाले. कमी नाही, जास्त! तरी मेमो मिळाला. या गृहस्थाला मेमो कोण देणार?

वजनमापवाल्यांकडे गेलो. ते म्हणाले, छापील किमतीपेक्षा जास्त घेतले का? नाही, किंमत बरोबर लावली, नोट कमी धरली. मग ते आमच्यात बसत नाही, बँकेत जा. बँकेने पोलिसांकडे पाठवलं. पोलिसांनी खुर्ची दिली, एवढं मात्र केलं.

बँकेचं तर विचारूच नका. माझं खातं जिल्हा बँकेत, आणि १४ तारखेपासून जिल्हा बँकांनी जुन्या नोटा घ्यायच्या नाहीत. म्हणून दुसऱ्यांच्या रांगेत पहाटे पाचला थंडीत उभा. बदलायची मर्यादा आधी ४०००, मग ४५००. माझा नंबर लागला त्या दिवशी २०००. बोटाला शाई लावून एक गुलाबी नोट हातात ठेवली. मतदान न करताच शाई! ती नोट वाणी मोडेना. "हजाराचा माल घ्या, मग बघू." घरात दोन माणसं. हजाराचा माल काय उशाला घेऊन झोपायचा?

त्या एका औषध दुकानात दिवसाला पन्नास तरी जुन्या नोटा येत असतील. म्हणजे रोजचे पाच हजार, बिनपावतीचे. राज्यभराचा गुणाकार तुमच्या खात्याने करावा; माझ्या हिशेबाने दहा-वीस कोटी कुठेच गेले नाहीत. हा काळा पैसा नव्हे का? की तो फक्त आमच्या डब्यातच सापडतो?

१ एप्रिल १९५७ ला नवे पैसे आले, तेव्हाचं वडील सांगायचे. एका आण्याचे ६ नवे पैसे, दोनाचे १२, तिनाचे १९, चार आण्यांचे २५. चार वेळा एकेक आण्याचं घेतलं की दुकानदाराला चोवीसच द्यायचे, म्हणून तो तोंड वाकडं करायचा. एकदम चार आण्यांचं घ्या म्हणायचा. पण सरकारचा तक्ता छापलेला होता. भांडायला कागद होता, साहेब. आज कुठली नोट कुठे चालते ते टीव्हीवर सांगतात, आणि संध्याकाळपर्यंत ते बदललेलं असतं.

प्रत्येक औषध दुकानात, पेट्रोल पंपावर पाटी लावायला लावा: कुठल्या नोटा चालतात, कधीपर्यंत, आणि पूर्ण किमतीला. खाली तक्रारीचा नंबर, उचलला जाणारा. माझं एवढंच मागणं होतं, बाकीचं ओघात आलं.

गोव्यात पंतप्रधानांनी पन्नास दिवस मागितले. द्यायला ना नाही. पण गोळी रोज एक लागते, आणि पुढच्या महिन्यात पुन्हा त्याच दुकानात जायचंय. गावात दुसरं उधार देणारं नाही.

'बाकी २२०' लिहिलेलं पाकीट सोबत जोडलंय. मूळ प्रत आहे, परत पाठवावी.

आपला,
एक निवृत्त वाहक